पटावरची नदी

खरं बोलायचं व्यसन लागलेलं माणूस घरात असणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात आमच्या नणंदबाई नाहीत त्यांना सात जन्मांत कळायचं नाही. तंबाखू सुटते, दारू सुटते, माझ्या धाकट्या दिरांचे तर पत्तेसुद्धा सुटले. खरं बोलण्यावर मात्र अजून कुठल्या डॉक्टरने गोळी काढलेली नाही. मला बघायला ही मंडळी आमच्या परळच्या घरी आली होती तेव्हाचीच गोष्ट घ्या. माझ्या आईने भीतभीत विचारलं, "मुलगा नोकरीत कायम आहे ना?" सासरे म्हणाले, "हो हो, झाल्यातच जमा." त्याबरोबर कोपऱ्यातल्या स्टुलावरून आवाज आला, "नाही अजून. फाइल दोन महिने अडकलीय. अजून दोन महिने अडकेल." पोह्यांचा घास सगळ्यांच्या तोंडात तसाच राहिला. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. मनात म्हटलं, ज्या घरात एक तरी माणूस असं बोलतं त्या घरात आपली फसवणूक व्हायची नाही. तेवढ्यावर मी होकार दिला. फसवणूक झाली नाही हे कबूल. बाकी सगळं झालं.

त्या आमच्या ह्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या. लग्न केलं नाही. का नाही केलं, असं एका आगाऊ मावशींनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "दोघांनी विचारलं होतं. एकाला मी आवडले नाही आणि दुसरा मला." मावशींनी पुन्हा तोंड उघडलं नाही. नायगावच्या आमच्या दोन खोल्यांत त्यांचा एक पलंग, एक कपाट आणि त्यांचं ते खरं बोलणं, एवढ्याला जागा पुरते. उरलेल्या जागेत आम्ही राहतो. एकदा मी अंग मोडून आल्याचं निमित्त सांगून रजा टाकली होती. साहेबांचा फोन आला तो नेमका ताईंनी घेतला. मी दोन्ही हात जोडून खुणा करतेय, कपाळाला हात लावून ताप दाखवतेय, आणि ताई शांतपणे सांगताहेत, "छे हो, ताप वगैरे काही नाही. माहेरची माणसं आलीत. मटण शिजतंय. थांबा, देते." त्या साहेबांनी बदली होईपर्यंत मला भेटेल तिथे "मटण झालं का?" असं विचारलं. मी आठ दिवस ताईंशी बोलले नाही. त्यांना त्याचा पत्ताच लागला नाही. त्यांना वाटलं, घरात जरा शांतता आहे.

आता ह्यातली खरी गंमत अशी, की मी एका सरकारी कचेरीत आस्थापना शाखेत आहे. कुणाची चूक झाली, नोटीस आली, की तो माणूस लोकांच्या नोटिशीला उत्तर लिहून देणाऱ्या बाईकडे येतो. ती बाई म्हणजे मी. त्या उत्तराला आमच्यात खुलासा म्हणतात. तीस वर्षांत मी किती जणांच्या नोकऱ्या वाचवल्या असतील त्याची गणती नाही, आणि त्या वाचवल्या त्या एका शब्दाने: नजरचुकीने. रजिस्टर हरवलं? नजरचुकीने. तारीख मागची पडली? नजरचुकीने. हा शब्द लिहिला की वरच्या साहेबांनाही हायसं वाटतं. त्यांनाही कुणाला मारायची हौस नसते, कागद बंद करायचा असतो. म्हणजे एकाच छपराखाली एक बाई खऱ्याशिवाय बोलत नाही आणि दुसरी सांभाळून लिहिण्याचा पगार घेते. अशी ही आमची जोडी. आणि गेल्या वर्षी, ताईंच्या निवृत्तीला दोनच वर्षं राहिलेली असताना, त्यांची नोकरी आणि त्यांचा वर्ग जायची वेळ आली, ती माझ्या ह्या एका शब्दावर येऊन अडकली.

ताई शिकवतात ती शाळा माटुंग्याच्या टोकाला. मराठी माध्यमाची, दरवर्षी मुलं कमी होत चाललेली. मागच्या भिंतीला लागून नाला वाहतो, तो पुढे धारावीच्या अंगाने जाऊन मिठी नदीला मिळतो. सगळी शाळा खिडक्या बंद करून शिकते. ताईंनी सातवीच्या वर्गाच्या खिडक्या उघडल्या. मुलं ओरडली, "बाई, वास!" ताई म्हणाल्या, "वास लिहा. कसला आहे ते लिहा. 'घाण' लिहायचं नाही, घाण म्हणजे काही सांगितलंच नाही. सडक्या कोबीचा, रंगाचा, चामड्याचा, साबणाचा, जो येतो तो लिहा." अशी सुरुवात झाली. मग दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की चाळीस मुलं दोनदोनच्या रांगेत नाल्याच्या काठाने चालत नदीपर्यंत जायला लागली. पुढे खुणा केलेली काठी घेऊन ताई, मागे त्यांची मॉनिटर प्राची, हातात शिट्टी. ही प्राची म्हणजे बारा वर्षांची हवालदारीणच. ट्रकवाल्यांना हात दाखवून थांबवायची. नियम एकच: जे दिसलं तेच लिहायचं. एका मुलाने 'नदीमाता' असा शब्द वापरून दोन पानं लिहिली होती. ताईंनी त्याला विचारलं, "ह्यातलं तुला काय दिसलं?" तो बराच विचार करून म्हणाला, "एक चप्पल, बाई." "मग चप्पल लिही. कुठल्या पायाची तेही लिही."

लिहून झालं की परत करणं. हे काम मी एकदा माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि त्या दुकानाच्या फुटपाथवरून जायचं कायमचं सोडलं. काठीने बाहेर काढलेल्या पिशव्यांवर, खोक्यांवर दुकानांची नावं असतात. मुलं ती वस्तू धुवून, वाळवून, त्या दुकानात नेऊन द्यायची. एका मिठाईवाल्याच्या काउंटरवर, ऐन गर्दीत, ताईंनी त्याच्या नावाची अठरा खोकी मांडली आणि म्हणाल्या, "तुमची आमच्याकडे आली होती." मिठाईवाला आधी चिडला, मग हसला, मग गिऱ्हाइकं बघायला लागली तसा घामाघूम झाला. दुसऱ्या शनिवारी त्याच्या दारात मोठा डबा आला आणि "खोकी इथेच टाका" अशी पाटी. कापड रंगवणाऱ्या एका कारखान्यावर चाळीस मुलं तीन शनिवार नुसती उभी राहिली, प्रत्येकाच्या हातात त्या दिवशीच्या पाण्याची बाटली. तिसऱ्या शनिवारी मालकाने गाळ बसायला टाकी बांधायला घेतली. शाळेच्या मोरीचं पाणी नाल्याला मिळतं तिथे मुलांनी कर्दळीची रोपं लावून पाणी गाळणारा एक वाफा केला. ताई मग दुसऱ्या शाळांच्या मागे लागल्या. दादरच्या एका नामांकित इंग्रजी शाळेच्या प्रिन्सिपॉल बाईंच्या टेबलावर त्यांनी नाल्याच्या पाण्याची बाटली ठेवली आणि अदबीने विचारलं, "झाकण उघडू का?" त्या बाईंनी न उघडताच होकार दिला. वर्षभरात चार शाळा झाल्या, एकेका शाळेकडे काठाचा एकेक तुकडा.

आणि मग तो हजेरीपट. जूनमध्ये शाळा उघडल्यावर, पाऊस लागायच्या आधीच्या एका शनिवारी नाल्याच्या तोंडाशी थर्माकोलच्या ताटांचा असा काही थर आला होता की पाणी दिसतच नव्हतं. एका मुलीने विचारलं, "बाई, आज नदी नाहीय का?" ताई म्हणाल्या, "गैरहजर आहे. लिहून ठेवा." मुलांना तो खेळ फार आवडला. दर शनिवारी काठावर उभं राहून नदीची हजेरी घ्यायची. हातभर तरी मोकळं पाणी दिसलं तर हजर, नाहीतर गैरहजर. दुसरी कुठलीही शहाणी बाई ही नोंद एका शंभरपानी वहीत ठेवती. ताईंनी ती ठेवली सातवीच्या सरकारी हजेरीपटात. चाळीस मुलांच्या खाली, आपल्या वळणदार अक्षरात, अनुक्रमांक एक्केचाळीस: मिठी नदी. मी नंतर डोकं आपटून विचारलं तेव्हा त्यांनी कारण सांगितलं, आणि ते ऐकून मला आणखी एकदा डोकं आपटावंसं वाटलं. "अगं, वह्या रद्दीत जातात. हजेरीपट सरकार जपून ठेवतं. पन्नास वर्षांनी कुणाला बघायचं असेल, तर सापडायला नको?" जून, जुलै गैरहजर गेले. सप्टेंबरात सलग चार शनिवार हजर लागले, तेव्हा मुलं काठावर नाचली म्हणे, आणि ताईंनी त्या दिवशी घरी येऊन, कारण न सांगता, जिलेबी वाटली.

त्यांच्या शाळेचे कारकून म्हणजे फार सरळ माणूस. महिनाअखेरीला वर्गाची संख्या वरच्या कार्यालयाला कळवायची असते. ते कधी नावं वाचत नाहीत, शेवटचा अनुक्रमांक बघतात. त्यांनी एक्केचाळीस कळवले. दर महिन्याला कळवले. जानेवारीत पटपडताळणी आली, म्हणजे वरचे अधिकारी अचानक येऊन वर्गात खरोखर किती डोकी आहेत ती मोजतात. कारण शिक्षकांच्या जागा वाचवण्यासाठी काही शाळा पटावर खोटी मुलं दाखवतात. अधिकारी मॅडमनी सातवीत डोकी मोजली. चाळीस. हजेरीपट उघडला. एक्केचाळीस. "एक्केचाळीसावं कोण?" त्यांनी विचारलं, आणि चाळीस मुलं एका सुरात ओरडली, "नदी!"

मॅडम हसल्या नाहीत. "हा सरकारी दस्तऐवज आहे, बाई."

"म्हणूनच लिहिलं," ताई म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी नोटीस. पट फुगवून शासनाची दिशाभूल केली, दस्तऐवजात बनावट नोंद केली, तरी आपणांस निलंबित का करण्यात येऊ नये, याचा खुलासा सात दिवसांच्या आत सादर करावा. तोवर विद्यार्थ्यांना नदीवर नेऊ नये. ताईंनी नोटीस घरी आणली आणि भाजी निवडता निवडता वाचून दाखवली, जशी पेपरातली बातमी वाचतात. माझ्या हातातली कोथिंबीर गळून पडली. मी असल्या नोटिशी रोज बघते. निलंबन झालं की माणूस घरी बसतो, चौकशी दोन-दोन वर्षं रांगते. ताईंकडे तेवढीच वर्षं होती. म्हणजे ही बाई चाळीस मुलांचा निरोपही न घेता, चौकशी चालू असलेली शिक्षिका म्हणून निवृत्त होणार. ज्या बाईने उभ्या जन्मात एक थाप मारली नाही तिच्या नावापुढे 'बनावट' लागणार. मला रडूच आलं. ताई म्हणाल्या, "रडतेस काय? कोथिंबीर उचल, पायदळी जातेय."

मी त्याच संध्याकाळी खुलासा लिहिला. स्वतःची स्तुती नाही, पण माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम खुलासा होता तो. 'सदर नोंद ही उपक्रमाच्या टिपणवहीत करावयाची असता नजरचुकीने हजेरीपटात झाली असून त्यामागे कोणताही गैरहेतू नव्हता. याबाबत मी दिलगीर आहे.' एवढंच. सही केली की सुटका. ताईंनी तो दोनदा वाचला.

"अक्षर छान आहे तुझं."

"ताई, सही."

"पण नजर चुकली नव्हती गं. मी चांगला चष्मा पुसून लिहिलं होतं."

इथून पुढचे पाच दिवस आमच्या घरात जे झालं ते मी कुणा शत्रूच्या घरीही होऊ नये म्हणेन. मी समजावलं, ओरडले, जेवले नाही. आमचे हे, जे बहिणीपुढे कधी तोंड उघडत नाहीत, ते म्हणाले, "ताई, एक शब्द तर आहे." ताई म्हणाल्या, "मग काढ तो एक शब्द. बाकीच्यावर करते सही." आता तो शब्द काढला तर मागे उरतं काय? नुसता गुन्हा! शाळेतल्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, घरी येऊन गेल्या. "बाई, सही करा हो. एक तुकडी जरी बंद झाली तरी माझी शाळा उठते." बाकीच्या तीन शाळांचे एकामागून एक फोन आले, आमची मुलं ह्या शनिवारी येणार नाहीत म्हणून. दादरच्या प्रिन्सिपॉल बाईंनी तर निरोपही दुसऱ्याकडून पाठवला. शनिवार आला. साडेअकरा वाजले. ताई पहिल्यांदाच शाळेतून सरळ घरी आल्या, काठी दाराआड उभी केली आणि जेवायला बसल्या. भात चिवडत होत्या. मी विचारलं, "मुलं काय म्हणाली?" तर म्हणाल्या, "विचारत होती, आज हजेरी कोण घेणार." मग हातातला घास परत ताटात ठेवला. "ज्योती, मला तो वर्ग सोडवणार नाही गं," असं त्या ताटाकडे बघत म्हणाल्या. ताईंच्या तोंडून असलं वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकलं नव्हतं. तेव्हाच मी मनाशी ठरवलं, ह्या बाईला हिच्या मर्जीविरुद्ध वाचवायचं.

रविवारी ताई बुद्धविहारात गेल्या होत्या तेव्हा दारात प्राची आणि तिच्या वर्गातल्या दोघी उभ्या. डोळे सुजलेले. "काकू, बाईंना काढणार का?" मी त्यांना आत घेतलं, चहा-बिस्किटं दिली, आणि पुढे जे केलं ते आता लिहितानाही माझा हात जड होतोय, पण लिहिते. मी म्हटलं, "बाईंना वाचवायचंय ना? मग मी सांगते तसं लिहा. वर्गातल्या सगळ्यांना द्या. चाळीसही जणांनी आपापल्या अक्षरात लिहायचं." आणि मी सांगितलं: सदर नोंद आम्ही विद्यार्थ्यांनी बाईंच्या नकळत नजरचुकीने केली असून त्यास वर्गशिक्षिका जबाबदार नाहीत.

प्राचीचं पेन थांबलं. "पण काकू, आम्ही नाही लिहिलं. बाईंनी लिहिलं."

"माहितीय मला."

"बाई म्हणतात, जे दिसलं तेच..."

"बाई म्हणतात म्हणूनच बाईंवर ही वेळ आलीय!" मी एवढ्या जोरात ओरडले की बशी हिंदकळली. पोरीने खाली मान घातली आणि लिहायला लागली. शिट्टी फुंकून ट्रक थांबवणारी पोर ती, पण 'नजरचुकीने' लिहिताना तिने दोनदा खाडाखोड केली. ते मी पाहिलं, आणि पाहिलं नाही असं केलं.

बुधवारी वॉर्डच्या कार्यालयात सुनावणी. मी अर्धी रजा टाकून ताईंच्या बरोबर गेले. पर्समध्ये माझा खुलासा, नवाकोरा, घडी न मोडलेला. खोलीत अधिकारी मॅडम, त्यांच्यासमोर हजेरीपट, आणि हजेरीपटावर दोरीने बांधलेला कागदांचा गठ्ठा. मोठ्या बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, कारकून दारात. मॅडम वयाने माझ्याएवढ्याच असतील, चेहरा थकलेला. त्या म्हणाल्या, "बसा बाई. तुमच्या मुलांनी लिहून दिलंय की नोंद त्यांनी केली. म्हणजे प्रश्न मिटला. तुम्ही फक्त तसा दोन ओळींचा खुलासा द्या, मी फाइल बंद करते."

माझा जीव भांड्यात पडला. मी लगेच पर्स उघडली.

ताई म्हणाल्या, "पत्रं बघू?"

त्यांनी दोरी सोडली आणि वाचायला लागल्या. एक पत्र वाचायचं, पालथं ठेवायचं, दुसरं घ्यायचं. मजकूर शब्दन्‌शब्द तोच. पण त्यांनी चाळीसच्या चाळीस वाचली. पंखा फिरत होता. मॅडमनी दोनदा घड्याळ बघितलं, पण थांबवलं नाही. मी ताईंच्या चेहऱ्याकडे बघत होते. ह्या बाईला मी नोटीस वाचताना बघितलं होतं, सासूबाई गेल्या तेव्हा बघितलं होतं. पण एवढी दुखावलेली कधी बघितली नव्हती. शेवटचं पत्र ठेवलं, गठ्ठा सारखा केला, पुन्हा दोरी बांधली.

"मॅडम, ही सगळी खोटी आहेत. नोंद मी केली. अक्षर बघा ना, सगळ्या पटात एकच अक्षर आहे."

"बाई," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "मी तुम्हाला वाचवतेय. कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय. उपकार आहेत. पण ह्यावर मी सही केली, तर उद्या वर्गात कुठल्या तोंडाने जाऊ?"

"उद्याला वर्ग राहायला तर हवा!"

ताईंनी कोरा कागद मागून घेतला आणि तिथेच लिहिलं. 'नदीचं नाव मी स्वतः, जाणूनबुजून लिहिलं. नोंद टिकावी हा हेतू होता. संख्येत ते धरलं जाईल हे माझ्या लक्षात आलं नाही, ही माझी चूक. मुलांचा ह्यात काही संबंध नाही.' खाली सही, तारीख. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत मी इतका वाईट खुलासा वाचला नव्हता. मोठ्या बाईंनी डोळ्याला पदर लावला. मॅडमनी तो कागद बराच वेळ धरून ठेवला, आणि मग त्यांची नजर गठ्ठ्याकडे गेली.

"एक सांगा. ही भाषा सातवीच्या मुलांची नाही. सदर, वर्गशिक्षिका, नजरचुकीने. ही कुणीतरी कार्यालयातल्या माणसाने सांगितलेली आहे. मुलांना खोटं लिहायला लावणं हा साधा प्रकार नाही, बाई. तुम्हाला माहितीय कुणी लिहून दिलं?"

मी सरकारी नोकर. दुसऱ्या कार्यालयाच्या चौकशीत लहान मुलांकडून खोटं लिहून घेतलेली. मी उठून उभं राहायला हवं होतं. मनात मी उभी राहिलेही. खुर्चीत मात्र तशीच बसून होते. ताईंनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. घरात माझे 'सदर' त्या किती वर्षं ऐकत आल्या होत्या, त्यांना कळायला काय वेळ लागणार? सगळं कळलं होतं त्यांना. मी डोळे मिटले आणि वाट बघत राहिले, कारण सरळ विचारलं की ही बाई सरळ सांगते, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

"नाही," ताई म्हणाल्या. "मला नाही माहीत."

काय वाईट खोटं बोलल्या हो त्या! सवयच नाही ना. मान लाल झाली, आवाज चिरका निघाला, बोटं टेबलाच्या कडेवरून उगाचच फिरायला लागली. शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मॅडमना तर कळलंच. त्यांनी ताईंकडे बघितलं, मग माझ्याकडे, माझ्या उघड्या पर्सकडे, आणि मुलांच्या पत्रांचा गठ्ठा उचलून खणात टाकला. "ही पत्रं मला मिळालेली नाहीत," त्या म्हणाल्या. मग ताईंचा कागद फाइलला लावून एका दमात सांगितलं: निलंबनाची शिफारस करत नाही, सेवापुस्तकात सक्त ताकीद, वर्ग तुमच्याकडे राहील, मुलांना नदीवर न्यायचं नाही, पुढील आदेश येईपर्यंत. तो पुढचा आदेश अजून आलेला नाही. जाताना हजेरीपट ताईंपुढे सरकवला आणि लाल पेन दिलं. ताईंनी एक्केचाळीस नंबरवर एक सरळ रेघ ओढली. पट्टी न घेता ओढली, तरी सरळ आली.

बाहेर पडून आम्ही दादरच्या फुलबाजारातून चालत निघालो. गर्दी, पाण्याचे शिंतोडे, झेंडूच्या राशी, एरवी ताई प्रत्येक फुलवाल्याला "ह्या पिशव्या संध्याकाळी कुठे जातात?" असं विचारत जातात. त्या दिवशी सरळ समोर बघत चालल्या. मी दोनदा "ताई" म्हटलं. तिसऱ्यांदा मला हुंदकाच आला. "ताई, माझ्यासाठी तुम्ही..."

"उद्या सकाळी सातला माझ्याबरोबर शाळेत यायचं," त्या म्हणाल्या. बस्स.

दुसऱ्या दिवशी मी सातवीच्या वर्गात फळ्याजवळ उभी होते. चाळीस मुलं माझ्याकडे टकामका बघत होती. मी मोठमोठ्या साहेबांसमोर घडाघडा बोललेली बाई. तिथे कसंबसं म्हटलं, "मी तुम्हाला खोटं लिहायला लावलं. बाईंना माहीत नव्हतं. माझी चूक झाली." नजरचुकीने म्हणावंसं फार वाटलं, गिळला तो शब्द. मी बाजूला सरकले, तर ताई पुढे आल्या.

"आणि काल कार्यालयात मी खोटं बोलले," त्या मुलांना म्हणाल्या. "मला एक गोष्ट माहीत होती आणि मी माहीत नाही म्हटलं. तुम्हाला सांगायला हवं म्हणून सांगतेय."

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "का बोललात, बाई?"

ताईंनी जरा विचार केला. ह्याचंही खरंच उत्तर द्यायचं होतं त्यांना. "घरचं माणूस होतं," त्या म्हणाल्या. "त्याला काही व्हायला नको होतं."

प्राची उभी राहिली. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग ताईंकडे.

"आम्ही पण म्हणूनच लिहिलं, बाई."

मावशींना, साहेबांना, अधिकाऱ्यांना, कुणालाही उत्तर द्यायला जिला कधी क्षणभर लागला नाही, ती आमची नणंद खडू घेऊन फळ्याकडे वळली आणि आमच्याकडे पाठ करून तारीख लिहायला लागली. लिहायला फार वेळ लागला. मधेच तिने हाताच्या मागच्या बाजूने चष्मा वर सरकवला. तारीख वरच्या कोपऱ्यात कुणीतरी सकाळीच लिहून ठेवली होती. मुलांना ती दिसत होती, मलाही दिसत होती. कुणीच काही बोललं नाही.